दर महिन्याच्या सात तारखेला

7 फेब्रुवारी 2025, शुक्रवार. सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या गोलकीपरचे वडील पतसंस्थेत आले. रापणीवरून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरून, थेट आले होते. गुडघ्यापर्यंत वाळू, खांद्यावर ओला टॉवेल. काउंटरवर मोबाईल ठेवून मला म्हणाले, "बाये, हे पैसे चुकान इले काय?"

मुलीच्या बँक खात्याला नंबर त्यांचा जोडलेला, म्हणून मेसेज त्यांना गेला होता. सहा हजार रुपये जमा. मी सांगितलं, "आबानू, चुकून नाय. तुमच्या चेडवाचो पगार तो."

"कसलो पगार?"

"फुटबॉलचो."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकच विचारलं, "मगे दर म्हयन्याक येतलो?"

मी हो म्हटलं. दर महिन्याच्या सात तारखेला. हे बोलताना माझ्या पोटात खड्डा पडला होता, कारण पुढच्या दहा महिन्यांचा हिशेब माझ्याच वहीत होता आणि तो पुरता जुळलेला नव्हता. पण आमचा संघ खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाला असं मी धरते. नोंदणी आधीच झाली होती, जर्सी आधीच शिवून आल्या होत्या. तरी मी तोच दिवस धरते.

मी वेंगुर्ल्यात राहते. पतसंस्थेत हिशेब लिहिते. शाळेत खो-खो खेळायचे, दहावीनंतर ते सुटलं. फुटबॉल मला भाचीमुळे कळायला लागला. 2022 मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला, भुवनेश्वर, नवी मुंबई आणि मडगाव इथे. दोन्ही उपांत्य सामने मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये, एकाच दिवशी, 26 ऑक्टोबरला. तो दिवाळी पाडव्याचा दिवस. भाची तेव्हा आठवीत होती. घरी सगळे चिडले, सणाच्या दिवशी कसला बॉल बघायला जाता म्हणून. तरी आम्ही गेलो. नायजेरिया आणि कोलंबिया शून्य-शून्य बरोबरीत राहिले आणि पेनल्टीवर कोलंबिया 6-5 ने जिंकलं. मग स्पेनने जर्मनीला 1-0 ने हरवलं. आपल्या मुली त्याआधीच भुवनेश्वरमध्ये तिन्ही सामने हरून बाहेर पडल्या होत्या, अमेरिकेकडून तर आठ गोलांनी. परत येताना भाचीने गाडीत विचारलं, "आत्ये, ह्या पोरी रोज किती तास खेळत असतील?" मला उत्तर देता आलं नाही. आमच्या गावातली मुलगी आठवड्यातून दोनदा, शाळा सुटल्यावर, मुलगे क्रिकेट खेळून उठले की उरलेल्या उजेडात खेळते, एवढं मला माहीत होतं.

आमच्याकडे मुली नव्हत्या असं नाही. शिरोडा, आरवली, नवाबाग, कुडाळ, मालवण अशा ठिकाणच्या पंचवीस-तीस मुली सरांकडे यायच्या. सर म्हणजे आमचे प्रशिक्षक, गोव्यात खेळून आलेले, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं प्रशिक्षकाचं डी लायसन्स घेतलेले. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यानंतर कुडाळच्या चौघी नियमित यायला लागल्या. त्या एका निर्णयाचा आमच्या मैदानावर काय परिणाम झाला हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मुली यायच्या, शिकायच्या, बारावी झाली की जायच्या. आमची सर्वांत चांगली मिडफिल्डर एकोणिसाव्या वर्षी काजू कारखान्यात लागली आणि तिने खेळ सोडला. सर तिला परत आणायला घरी गेले, मी सोबत होते. तिची आई चहा देऊन म्हणाली, "सर, तकडे पगार गावता. तुमच्याकडे काय गावता?"

आम्ही सरावानंतर दोन केळी आणि एक अंडं देत होतो.

परत येताना सर गप्प होते. मी वहीत आकडे मांडायला त्याच रात्री सुरुवात केली. जून 2024 असेल तो.

व्यावसायिक संघ हा शब्द आम्ही वापरायचा की नाही यावर पहिला वाद झाला. सिंधुदुर्गात मुलींचा व्यावसायिक संघ, हे ऐकायला मोठं वाटतं. इंडियन विमेन्स लीग, म्हणजे बायकांची देशपातळीवरची लीग, हीसुद्धा 2016-17 च्या हंगामात सुरू झालेली. पहिला चषक मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने नेला. मणिपूरनंतर तमिळनाडूचा सेतू, केरळचा गोकुलम, ओडिशा असे संघ जिंकत आले. आपल्या बाजूचं म्हणावं तर कोल्हापूरचा संघ त्या लीगमध्ये खेळून आला. कोल्हापूरला तालमींचा फुटबॉल आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रेक्षक आहेत. आमच्याकडे टेनिस बॉल क्रिकेट आणि कबड्डी. सर म्हणाले, व्यावसायिक म्हणजे मोठा नव्हे. व्यावसायिक म्हणजे खेळाडूशी लेखी करार आणि त्यात लिहिलेले पैसे लिहिलेल्या तारखेला. मला ते पटलं, कारण ते हिशेबनिसाला कळणारं बोलणं होतं.

संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे करायची, त्याला किमान सात सभासद लागतात. आम्ही सातच होतो, त्यात चार बायका. कागद दोनदा परत आले, एकदा ठरावाची तारीख चुकली म्हणून. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मुलींच्या नोंदणीचं मात्र सांगायला हवं, कारण जो कोणी मुलींचा संघ काढेल त्याच्या पुढ्यात हे येणार आहे. प्रत्येक खेळाडूला महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत नोंदवावं लागतं, सगळे तिला सीआरएस म्हणतात. जन्मदाखला, आधार, फोटो. आमची एक मिडफिल्डर लग्न झालेली. जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बारावीच्या निकालावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. तिचं नाव राजपत्रात छापून येईपर्यंत तिने दोन महिने फक्त सराव केला. मुलग्यांच्या संघात ही अडचण येतच नाही. तिचा नवरा ट्रॉलरवर जातो. बंदरावरून आला की कागद घेऊन तोच तालुक्याला फेऱ्या मारायचा. त्याच्याबद्दल मला फार आदर आहे.

पैसे. हा भाग मी सविस्तर लिहिते.

सोळा-सतरा वर्षांच्या मुली करारात घ्यायच्या नाहीत असं आधीच ठरलं. अठराच्या आतल्या मुलीची सही कायद्याने चालत नाही आणि पालकांच्या सहीवर पोरीला पगारात बांधणं मला मान्य नव्हतं. म्हणून अठरापुढच्या 12 जणींना महिना सहा हजार आणि लहान 8 जणींना खाण्याप्रवासाचे दोन हजार. म्हणजे 72 आणि 16, 88 हजार. सरांना पंधरा. एक लाख तीन हजार झाले. 2023 मध्ये महासंघाने इंडियन विमेन्स लीगच्या क्लबांसाठी ठरवलं होतं की किमान दहा भारतीय खेळाडू व्यावसायिक कराराने घ्यायच्या आणि प्रत्येकीला वर्षाला किमान 3 लाख 20 हजार द्यायचे. आमचे वर्षाचे 72 हजार सुद्धा होत नव्हते, कारण करार दहा महिन्यांचा. ही तुलना मी मुलींपासून लपवली नाही. बैठकीत फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले.

सगळ्यांना सारखे पैसे, हा माझा आग्रह होता. समितीतले दोघे म्हणत होते की स्ट्रायकरला जास्त द्या, गोल तीच मारते. पहिल्या वर्षी मला ते नको होतं. एका वाडीतल्या दोन मुली, एकीला सहा आणि दुसरीला चार, हे घरोघरी कसं बोललं जाईल हे मला कळत होतं. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर बारा करार झाले. प्रत्येक करार मी मराठीत लिहिला आणि सहीआधी मोठ्याने वाचून दाखवला. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च संस्थेचा आणि पगार चालू, हे कलम वाचलं तेव्हा विंगरने मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं.

आता एवढे पैसे आणायचे कुठून? 7 सप्टेंबर 2024 ला गणपती बसले. सगळे चाकरमानी गावात. आम्ही सात जणांनी आठ दिवस आरतीला लोकांच्या घरी जाऊन एकच मागणी केली: महिन्याला शंभर रुपये, वर्षभर. देणगी म्हणून एकदम हजार देऊ करणारे पुष्कळ भेटले. मी त्यांना हात जोडून सांगायचे की हजार नको, दर महिन्याला शंभर द्या, कारण मलाही दर महिन्याला द्यायचे आहेत. लालबागला राहणारे एक आजोबा म्हणाले, "माझी बहीण लगोरीत कोणाला ऐकायची नाही. लिही माझे दोन नावाने." अनंत चतुर्दशीपर्यंत 412 नावं झाली. 41 हजार 200. एका बर्फ कारखान्याने पंधरा हजार कबूल केले. आणि एका व्यापाऱ्याने महिना पन्नास हजार देतो म्हणून सर्वांसमोर नारळ फोडला. बेरीज एक लाख सहा हजार दोनशे. तीन हजार दोनशे शिल्लक. त्या रात्री मला शांत झोप लागली.

मैदान गावाबाहेर सड्यावर. जांभ्या कातळावर माती टाकून केलेलं, उन्हाळ्यात विटेसारखं कडक. पडलं की गुडघा सोलून निघतो. गोलपोस्ट गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतले. त्याला मीटर सांगितले तर तो गोंधळला, म्हणून 24 फूट बाय 8 फूट सांगितलं, तेच माप आहे. त्याने चार इंची पाइपच्या बाहेरून बाहेर मापलं. आत भरले जेमतेम 23 फूट 4 इंच. सरांनी टेप लावला आणि दोन्ही पोस्ट परत गेले. कापून, जोडून, पुन्हा रंगवून पंधरा दिवसांनी आले. आणि खाऱ्या वाऱ्याने सहा महिन्यांत जोडावर गंज धरला, तेव्हा आता दर दोन महिन्यांनी मुली स्वतः रंगाचा हात मारतात.

जाळी विकत आणायची होती. गोलकीपरच्या वडिलांनी पहिल्या पगारानंतर चौथ्या दिवशी येऊन विचारलं, आस केवढा ठेवायचा? आस म्हणजे जाळ्याचं भोक. मी म्हटलं, बॉल जाता कामा नये, एवढंच. ते हसले आणि बॉल हातात घेऊन वितीने मोजला. त्यांनी आणि रापणीवरच्या आणखी दोघांनी जाड नायलॉन दोरीचं जाळं संध्याकाळी बंदरावर बसून विणलं. त्याला गाठी अशा आहेत की एक दोरी तुटली तर शेजारची सुटत नाही. बॉल आत गेला की ते जाळं विकतच्या जाळ्यासारखं फडफडत नाही, बॉल त्यात बसून राहतो. गोलकीपरला अर्थात ते दृश्य आवडत नाही.

जर्सीचा रंग समितीने ठरवला, निळा आणि पिवळा. चड्डी पांढरी. नमुना आला तेव्हा मुली काही बोलेनात. मी एकेकीला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या चड्डीवर नव्वद मिनिटं खेळायचं म्हणजे अर्धं लक्ष तिकडेच. इंग्लंडच्या महिला संघानेही 2023 मध्ये याच कारणाने पांढऱ्या चड्ड्या सोडून निळ्या घेतल्या. आमच्या समितीत चार बायका असून आमच्या लक्षात आलं नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. चड्ड्या गडद निळ्या केल्या. त्याच बैठकीत मुलींनी दुसरी गोष्ट मागितली: मैदानावर आतून कडी लागणारं शौचालय आणि पाण्याची टाकी. त्यावर अठरा हजार गेले. स्पीकर आणि मंडप त्या खर्चात मी कापून टाकला आणि अजूनही मला तो निर्णय योग्य वाटतो.

गुडघ्यांचं सरांनी पहिल्या दिवसापासून मनावर घेतलं होतं. मुलींना एसीएल फाटण्याचा धोका मुलग्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. गुडघ्यातला तो अस्थिबंध, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, गेला की शस्त्रक्रिया, आणि नंतर नऊ महिने ते वर्षभर मैदान नाही. फिफाची इलेव्हन प्लस नावाची वॉर्म-अपची पद्धत आहे. सगळी मिळून वीस मिनिटांची: धावणं, एका पायावर तोल, उड्या मारून गुडघा आत न वळवता उतरणं. ती नियमाने केली की दुखापती कमी होतात. आमच्या मुली सुरुवातीला कंटाळायच्या. सरांनी सांगितलं, वॉर्म-अप चुकवणारी त्या दिवशी बॉलला पाय लावणार नाही, स्ट्रायकर असली तरी. पहिल्या हंगामात आमची एकही मुलगी गुडघ्याने घरी बसली नाही.

पहिला घरचा सामना 16 मार्चला ठेवला. शिमग्याचे दिवस, चाकरमानी पुन्हा आलेले. समोर गोव्याचा एक क्लब, मैत्रीचा सामना. लोक येतील का, हा प्रश्न. मुलींचा फुटबॉल कोण बघायला येतो, हे वाक्य मी त्या महिन्यात रोज ऐकलं. सरांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली होती आणि मी ती समोरच्याला ऐकवायचे: 1920 साली लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना बघायला 53 हजार लोक आले. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या संघटनेने आपल्या मैदानांवर बायकांना बंदी केली, ती जवळजवळ पन्नास वर्षं राहिली. लोक येत होते. दार बंद केलं गेलं.

आमच्याकडे टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांना मालवणीतून समालोचन करणारा एक भाऊ आहे, माइकवर बसला की माणसं हलत नाहीत. त्याला बोलावलं. आधी दोन तास बसून मी त्याला कागद दिला: नाव, गाव, जागा, नंबर. आणि एक विनंती केली की मुलींच्या दिसण्यावर, कपड्यांवर, लग्नावर एक शब्द नको. तो जरा दुखावला, मग म्हणाला, "वैनी, माका पण दोन बहिणी आसत." सामन्यात त्याने गावांची नावं घेतली. "बॉल आता आरवलीकडे, आरवलीकडून नवाबाग, नवाबागीतसून लांब लाथ घातल्यान शिरोड्याक!" आणि त्या त्या गावचे लोक उठून ओरडायला लागले. माझ्या मोजणीने सातशेच्या आसपास माणूस होतं. बहुतेक जण आपल्या वाडीतल्या मुलीला बघायला आले होते. फुटबॉल बघायला कोणीच नव्हतं आलं, आणि त्यात काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही. तिसऱ्या सामन्यापर्यंत त्याच माणसांनी ऑफसाइडवरून लाइन्समनशी वाद घातले.

बायकांचा गट वेगळा बसला होता, बचत गटातल्या आणि गणपतीत फुगड्या घालणाऱ्या. मध्यंतरात त्यांनी मैदानाच्या कडेला फेर धरला आणि तिथल्या तिथे जुळवलं:

"आमच्या गावचा चेडू गो, चेडू गो,
गोलात घालता बॉल गो, बॉल गो!"

दुसऱ्या अर्ध्यात त्या बसल्याच नाहीत. पखवाज घेऊन भजनी मंडळातले दोघे त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, बुवाने गजर वर चढवावा तसा तो ठेका चढत गेला. साठाव्या मिनिटाच्या पुढे आम्हाला कॉर्नर मिळाला. भाचीने तो मारला आणि आमच्या लग्न झालेल्या मिडफिल्डरने डोक्याने आत घातला. तिचा नवरा गोलमागे उभा होता. त्याने दोन्ही हातांनी जाळं धरून हलवलं, रापण ओढल्यासारखं. आम्ही 2-1 ने हरलो. माणसं अंधार पडेपर्यंत मैदानातून जाईनात.

नंतर राज्य पातळीवर खेळायला गेलो तेव्हा पाच सामन्यांत एक जिंकलो, एक बरोबरी, तीन हरलो. रेल्वेने, जनरल डब्यात, जेवणाचे डबे घरून बांधून. मोठ्या शहरांतल्या मुलींचा दम आमच्यापेक्षा सत्तराव्या मिनिटानंतर जास्त होता, एवढं ठळक दिसलं.

आणि मग मे महिना.

नारळ फोडणाऱ्या व्यापाऱ्याने तीन महिने पैसे दिले. एप्रिलअखेर फोन उचलणं बंद केलं. मी दोनदा त्यांच्या दुकानात गेले. धंदा बसला, पुढच्या वर्षी बघू, असं सांगितलं. त्यांचा धंदा खरंच बसला असेल. पण सर्वांसमोर दिलेला शब्द मागे घेताना निदान महिनाभर आधी सांगायचा असतो, एवढं मी त्यांना बोलले. हातात होते 56 हजार 200. मी लहान मुलींचे सोळा हजार पूर्ण ठेवले. बारा जणींना निम्मे, म्हणजे तीन हजार. सरांनी त्या महिन्यात काही घेतलं नाही.

सात मेला मी मुलींना मैदानावर बसवून सगळं खरं सांगितलं. वही दाखवली. कोणी काही बोललं नाही. आठ तारखेला सरावाला तिघी आल्या नाहीत. नऊलाही नाहीत. मला राग आला. खोटं कशाला लिहू, फार राग आला. आम्ही सात माणसं स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून फिरतोय, सरांनी पगार सोडलाय, आणि ह्यांना तीन हजारासाठी रुसायचंय. न आलेल्यांपैकी आमच्या स्टॉपरला, म्हणजे बचावात मध्ये खेळणारीला, मी फोन केला, आवाज चढवूनच. ती शांतपणे म्हणाली, "काकी, माका बसभाड्याचे पैसे परत घराकडे मागूचे लागले."

मी फोन ठेवला. तीन महिने तिने घरी एक रुपया मागितला नव्हता. सरावाला जाऊ का, असं विचारलं नव्हतं. निघते, एवढं सांगून निघत होती. त्या मे महिन्यात तिला पुन्हा दारात उभं राहून विचारावं लागलं. आणि मी तिच्याकडून काय मागत होते? समजून घे, म्हणजे उपकार मान. करारावर मीच लिहिलं होतं, सात तारखेला. सहा हजार तिचे येणं होते आणि माझं देणं. पतसंस्थेत वीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आले, की हप्ता चुकला की सबब ऐकून घेतात पण हप्ता माफ होत नाही.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक घेतली. ठेव मोडायचं मी घरी विचारून ठरवलं होतं, पण तशी वेळ आली नाही. फुगडीवाल्या बायका आल्या. त्यांच्या बचत गटाने कोकम, आगळ आणि कुळथाचं पीठ विकून साठवलेले बावीस हजार बिनव्याजी दिले, लेखी, परतफेडीच्या तारखेसह. उरलेले मुंबईच्या शंभरवाल्यांनी दोन महिन्यांचे आगाऊ भरले. 21 मेला बारा जणींचे बाकीचे तीन हजार जमा झाले. तिघी सरावाला आल्या. कोणी माफी मागितली नाही, आणि मला ती नकोच होती. मीच सगळ्यांसमोर चौदा दिवस उशीर झाल्याची माफी मागितली.

त्यानंतर चारच दिवसांनी, 25 मेला, मान्सून देवगडला पोचला, इतका लवकर की आंबेवाल्यांची शेवटची तोडही झाली नव्हती. सडा चिखल झाला. एका शाळेने सभागृह दिलं, तिथे पावसाळाभर फक्त वॉर्म-अप आणि छोटे पास. जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे निम्म्या घरांत हात आखडलेला. अशा दिवसांत गोलकीपरच्या घरी तिचे सहा हजार हा पक्का पैसा होता, हे तिच्या आईने मला बाजारात थांबवून सांगितलं.

5 जुलैला शनिवार होता. भारताच्या बायकांचा थायलंडशी सामना, चिआंग माईला. जिंकलं तर आशिया चषकात जाणार, पात्रता फेरीतून पहिल्यांदाच. बाहेर धो धो पाऊस, मध्येच लाइट गेलेली, आम्ही सोळा जणी सभागृहात दोन मोबाईलभोवती. रेंज जायची, चित्र थांबायचं आणि पुन्हा सुरू झालं की आकडा बदललेला असायचा. संगीता बासफोरने दोन गोल मारले, भारत 2-1. भाची रडत होती. स्टॉपर मात्र त्या वेळी विचारत होती, "काकी, ह्यांचो करार किती वर्षांचो आसता?"

गणपतीत पुन्हा घरोघर गेलो. ह्या वेळी मुलीही आल्या, करारवाल्या बाराच्या बारा. मी बोलायचंच थांबले, त्याच सांगायच्या. शंभरवाले 412 चे 655 झाले. व्यापाऱ्यांचे मोठे आकडे मी आता महिन्याच्या पगारात धरतच नाही. ते आले तर बूट, बॉल आणि प्रवासाला. पगार शंभराच्या नोटांवरच उभा राहिला पाहिजे असा नियम लिहून ठेवला आहे.

डिसेंबरमध्ये नव्या करारांचं बोलणं सुरू केलं. एकेकीला पतसंस्थेच्या मागच्या खोलीत बोलावलं. गोलकीपर आली ती शाळेची दोनशे पानी वही घेऊन. तिने वर्षभर लिहून ठेवलं होतं. किती सामने, किती गोल खाल्ले, किती वाचवले, किती पेनल्टी आणि कुठल्या बाजूला उडी मारली. शेवटच्या पानावर गोव्याच्या एका क्लबने तिला काय देऊ केलंय तो आकडा.

"काकी, माका आठ हजार व्हये."

मी म्हटलं, सगळ्यांना सारखे द्यायचे असं आपलं ठरलेलं आहे. ती म्हणाली, ते पहिल्या वर्षी ठरलेलं. मग तिने वही माझ्याकडे फिरवली आणि बोट ठेवलं: एकोणीस सामने, सात सामन्यांत एकही गोल नाही. मी माझी वही उघडली. 65 हजार 500 येतात. एकीला आठ केले की स्ट्रायकर उद्या दारात उभी राहणार, परवा मिडफिल्डर. बारा जणींना आठ करायचे तर नुसते करारच 96 हजारांवर जातात. मी पेन्सिलीने दोन-तीन बेरजा करून बघितल्या. ती समोर बसून बघत होती, घाई न करता, पेनल्टीच्या आधी उभी राहते तशी.

मी तिला सांगितलं, समितीशी बोलायला मला आठवडा दे.

"चालात," ती वही पिशवीत घालत म्हणाली. "पण सात तारखेच्या आधी सांगा. त्यांका पण उत्तर देवचा आसा."